गहाळ रकाना

परवा रविवारी सकाळी भाच्याने माझ्यासमोर एक वही ठेवली आणि विचारले, “मामा, तुम्ही जन्मभर सह्या केल्यात. या सह्या खऱ्या की खोट्या, तेवढे सांगा.”

वही म्हणजे शिकाऊ उमेदवाराची कार्यनोंदवही. छापील रकाने : दिनांक, केलेले काम, आत्मसात केलेले कौशल्य, तास, पर्यवेक्षकाची सही. सहा महिन्यांच्या पानांवरच्या सह्या एकाच शाईत, एकाच कलत्या हाताने आणि बहुधा एकाच चहाच्या कपाबरोबर उरकलेल्या होत्या. सह्या खऱ्या होत्या. हजेरीपट, मोजमापवह्या आणि प्रवासभत्त्याची देयके तपासण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला एवढे ओळखायला भिंग लागत नाही. खोटा होता तो सहीच्या डावीकडचा मजकूर, आणि तो खुद्द भाच्यानेच लिहिला होता. तसा लिही, असे त्याला सांगण्यात आले होते.

भाचा वरूडचा. घरची थोडी संत्र्याची बाग, आणि बागेत राहायचे नाही हा मुलाचा निश्चय. बारावीनंतर लखनौच्या एका खासगी विद्यापीठाची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली : संगणक उपयोजनातील तीन वर्षांची पदवी, त्यांतील अखेरची तीन सत्रे सॉफ्टवेअर कंपनीत शिकाऊ उमेदवारी, दरमहा विद्यावेतन. मी निवृत्तीनंतर याच शहरात राहिलो असल्याने मुलाच्या राहण्याजेवण्याचा प्रश्न नव्हता. बहिणीने फोनवर माझे मत विचारले आणि मी निःशंकपणे होकार दिला. ‘वर्गात बसून आजवर कोणी पोहायला शिकले आहे का,’ असे काहीतरी भारदस्त वाक्यही बोललो. तेव्हा पुढचे सारे लिहिताना मी त्रयस्थ नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

परप्रांतात आणि परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून अशा अभ्यासक्रमांविषयी आता वारंवार विचारणा होते, म्हणून थोडी पार्श्वभूमी. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 चा. आरंभी तो कारखान्यातील कारागिरांपुरता होता. 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, आणि 2014 च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. 2019 मध्ये नियम बदलून पदवीच्या पातळीवरील उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 9000 रुपये ठरले. ते 36 टक्क्यांनी वाढवावे अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 2025 मध्ये केली. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये पदवीतच उमेदवारी गुंफण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2025 मध्ये त्या अधिक तपशीलवार केल्या : तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे कामाच्या ठिकाणी. कल्पना सॉफ्टवेअर उद्योगाला नवी मुळीच नाही. विप्रोने पिलानीच्या बिट्स संस्थेशी हातमिळवणी करून विज्ञान पदवीधरांना नोकरीत ठेवून पुढची पदवी देण्याचा उपक्रम 1995 मध्येच सुरू केला होता. एचसीएलची ‘टेकबी’ योजना तर बारावी झालेल्या मुलांनाच घेते, आणि त्याच कंपनीचे मोठे आवार आमच्या लखनौत सुलतानपूर रस्त्यावर, चकगंजरियाच्या जुन्या सरकारी पशुक्षेत्राच्या जागेवर उभे आहे. भाचा या दोन्हींपैकी कुठे नाही, आणि त्या दोन्हींविषयी मला काही म्हणायचेही नाही. तो गोमतीनगरच्या विभूती खंडात, एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, शंभरसव्वाशे माणसांच्या एका कंपनीत जातो. ती कंपनी सरकारी खात्यांसाठी लाभार्थ्यांच्या याद्या सांभाळणारी प्रणाली चालवते.

तिथे तो काय करतो? सकाळी साडेनऊला पडद्यावर ‘तिकिटे’ येतात. तिकीट म्हणजे कुठल्यातरी जिल्ह्यातून आलेली तक्रार. अमक्याचे नाव दिसत नाही, तमक्याचा खाते क्रमांक चुकला. भाचा यादी उघडतो, चुकलेला मजकूर हाताने दुरुस्त करतो, तिकीट बंद करतो. पुन्हा पुढचे. दिवसाला तीस बंद झाली की दिवस भरला. आज्ञावली कशी लिहिली आहे, ती तशी का लिहिली, तीत काय बिघडते, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. त्या भागात शिरण्याची परवानगीच त्याला नाही. वहीत मात्र त्या दिवशीच्या नोंदी अशा : ‘प्रणालीचे आराखडालेखन’, ‘विदागाराची रचना’, ‘चाचणी-पद्धती’. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतील शीर्षके ओळीने उतरवली आहेत.

एका महिन्यातल्या अकरा दिवसांच्या नोंदी तेवढ्या खऱ्या आहेत, आणि माझा सारा युक्तिवाद त्या अकरा दिवसांवर उभा असल्याने ते सविस्तर सांगतो.

एक तिकीट पुन्हा पुन्हा येई. फ़ातिमा नावाच्या एका बाईंचे अनुदान थांबले होते, कारण दोन याद्यांतील त्यांची नावे जुळत नव्हती. भाचा नाव पाही. दोन्हीकडे तेच नाव, तीच अक्षरे. तो तिकीट बंद करी, आठवड्याने ते परत येई. शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ अभियंता बसत, मूळचे कानपूरचे. त्यांनी उत्तर सांगितले नाही. ते म्हणाले, “दोन्ही नावांत किती अक्षरे आहेत ते यंत्राला मोजायला सांग.” यंत्राने एकीकडे सहा सांगितली, दुसरीकडे सात. मुलगा चक्रावला. मग त्यांनी त्याला शोधायला लावले, दोन दिवस लावले, आणि तिसऱ्या दिवशी त्याला उमगले की नुक्त्याचा फ़ संगणकाच्या वर्णसंचात दोन प्रकारे साठवता येतो : एकच सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा फ आणि त्यामागून वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळी नावे. तुलना करण्याआधी दोन्ही नावे एकाच रूपात आणून घेतली पाहिजेत. आपल्या ‘कऱ्हाड’मधल्या ऱ चीही हीच गत आहे, हे त्याने त्या रात्री जेवताना मला सांगितले आणि ताटातली पोळी निवेपर्यंत सांगत राहिला.

पुढचे आठ दिवस त्या गृहस्थांनी त्याच्याकडून दुरुस्तीची आज्ञावली लिहून घेतली. रोज संध्याकाळी अर्धा तास शेजारी बसून ती ओळ न् ओळ वाचली. हे नाव असे का ठेवलेस? इथे रिकामे नाव आले तर काय होईल? तुझ्या दुरुस्तीने आधी जुळणारी नावे तुटणार नाहीत, हे कशावरून? या शेवटच्या प्रश्नासाठी त्याने स्वतः चाचण्या लिहिल्या, त्यांतील दोन फसल्या, त्याने पुन्हा लिहिले. फ़ातिमाबाईंचे नाव जुळलेच, शिवाय त्याच कारणाने अडकलेली इतरही नावे सुटली. बाराव्या दिवशी ते अभियंते बंगळुरूच्या नोकरीवर निघून गेले. त्यांची जागा भरली गेली नाही. भाचा पुन्हा तिकिटांवर आला.

त्या अकरा दिवसांना मी उमेदवारी म्हणतो. उरलेल्या दिवसांना काय म्हणावे यासाठी मात्र आपल्या भाषेत जुनाच शब्द आहे, आणि योगायोगाने तोही उमेदवारीच. जुन्या कचेऱ्यांत ‘उमेदवार’ म्हणून बसणारी मुले असत. बिनपगारी. मामलेदाराच्या कारकुनाची बारनिशी लिहायची, दौत भरायची, साहेबांच्या घरची भाजी आणायची आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. आज ती वाट वातानुकूलित दालनात पाहिली जाते आणि महिन्याला विद्यावेतन मिळते, हा फरक मी नाकारत नाही. पण आणखी एक फरक आहे, आणि तो उमेदवाराच्या विरुद्ध जातो. कचेरीतला उमेदवार कंटाळला तर उठून घरी जाऊ शकत होता. भाच्याला उठता येत नाही, कारण कंपनीतल्या प्रत्येक सत्राचे श्रेयांक त्याच्या पदवीत मोजले जातात. कंपनी सोडली तर श्रेयांक बुडाले, श्रेयांक बुडाले तर पदवी अडली. त्याने विद्यापीठात चौकशी केली तेव्हा दुसरी कंपनी स्वतः शोधून आण, असे उत्तर मिळाले. पदवी आणि उमेदवारी एकत्र बांधण्याचा हेतू शिक्षणाला कामाची जोड देण्याचा होता. प्रत्यक्षात त्या गाठीने मुलाचे पाय बांधले गेले आहेत.

इथे कोणी म्हणेल, की सॉफ्टवेअर ही वर्गात शिकवायचीच विद्या आहे, हा खटाटोप हवाच कशाला? मी या मताचा नाही. लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला तर असे म्हणता येणेच कठीण. कैसरबागेत 1926 मध्ये विष्णू नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज निघाले, तेव्हा घराण्यांच्या उस्तादांचा आक्षेप हाच होता, की गाणे वर्गात, पाठ्यक्रमाने आणि परीक्षेने येत नाही. मुंबईच्या या वकिलाने पाठ्यक्रम आखला, क्रमिक पुस्तके लिहिली, परीक्षा ठेवल्या. पण वर्गात गायक बसवायचा विसर त्यांना पडला नाही. 1928 पासून दीर्घकाळ त्या संस्थेची धुरा वाहणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे बडोद्याला उस्ताद फैयाज खाँसाहेबांपुढे बसून तयार झालेले होते. प्रमाणपत्र आणि तालीम यांची सांगड घालता येते, हे या शहरात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे, आणि तेही एका मराठी माणसाच्या हातून. नव्या पदवी-उमेदवारीत पाठ्यक्रम आहे, श्रेयांक आहेत, संकेतस्थळ आहे, करारनामा आहे. शेजारी बसणारा कोण, तेवढे कुठे लिहिलेले नाही.

आणि सरकारला हे कळत नाही, असे तर मुळीच नाही. सरकार स्वतःच्या अधिकाऱ्यांसाठी जी पदवी-उमेदवारी चालवते, तिच्याइतकी नेटकी व्यवस्था मी दुसरी पाहिली नाही. मसुरीच्या अकादमीत काही महिने, मग जिल्ह्यात सुमारे वर्षभर प्रत्यक्ष काम, मग पुन्हा अकादमी. आणि आता तर त्या प्रशिक्षणावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची सार्वजनिक व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवीही मिळते. सारे पूर्ण वेतनावर. आमच्या वेळी पदवी नव्हती, पण माणसे होती. बुंदेलखंडातील एका जिल्ह्यात मी परिविक्षाधीन असताना एका वृद्ध कानूनगोंनी मला महिनाभर शेतात उभे केले. जरीब कशी ताणायची, बांध सरकवल्याचे नकाशावर कुठे दिसते, खसऱ्यातले पीक आणि रानातले पीक यांत अंतर पडले तर प्रथम कोणाकडे पाहायचे, हे त्यांनी शिकवले, आणि मी चुकलो की ते “साहब” म्हणूनच पण बऱ्यापैकी रागावत. मला शिकवणे ही त्यांच्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी सोपवलेली जबाबदारी होती. उद्याचा अधिकारी चुकला तर राज्याचे नुकसान होईल, हे सरकारला पटलेले होते. फ़ातिमाबाईंचे अनुदान अडवणारी चूक करणारा किंवा सोडवणारा मुलगाही आज राज्याचे कामच करत असतो. त्याला शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नाही.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे कोणी समजू नये. कलम 11 वाचा. मालक स्वतः त्या कामात पात्र नसेल तर पात्र माणूस प्रशिक्षणाचा प्रमुख नेमावा, पुरेसा शिक्षकवर्ग ठेवावा, असे त्यात स्पष्ट आहे. 1961 चा मसुदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लेथ होता. लेथवर उमेदवार उभा असेल तर त्याच्याजवळ फोरमन आहे की नाही, हे कारखान्यात शिरणाऱ्या कोणालाही दिसते. पडद्यासमोर बसलेला मुलगा शिकतो आहे की राबतो आहे, हे पाठीमागून चालणाऱ्याला कळत नाही. दोन्ही वेळी तो तसाच बसलेला असतो. म्हणून तिथे कागदावर अधिक काटेकोर असायला हवे होते. झाले उलटेच. प्रशासनात जे मोजले जाते तेवढेच तपासले जाते, आणि आपण काय मोजतो? उमेदवारांची संख्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांत आहे का. विद्यावेतन खात्यात गेले का. आधार जुळले का. 2014 च्या दुरुस्तीत तर संख्या कमी पडली तर दर उमेदवारामागे दरमहा किती दंड, याचे कोष्टकच दिले गेले : पहिले तीन महिने 500 रुपये, नंतर 1000. शिकवण्याचे तास कमी पडले तर काय, याचे कोष्टक नाही. त्यासाठी रकानाच नाही, मग कोष्टक कुठून येणार?

हे मी उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही. सेवेतील अखेरच्या वर्षांत एका सार्वजनिक उपक्रमाचा कारभार माझ्याकडे होता. तिथल्या शिकाऊ उमेदवारांचे विवरणपत्र माझ्या सहीने जाई. संख्या पूर्ण, विद्यावेतन वेळेवर. नस्तीवर मी ‘समाधानकारक’ असा शेरा मारला, एकदा नव्हे, लागोपाठ तीन वर्षे. ती मुले दिवसभर काय करतात हे मला कळले ते निरोपसमारंभाच्या दिवशी, जेव्हा मला पुष्पगुच्छ देणाऱ्या मुलाला मी विचारले आणि त्याने सांगितले, की दोन वर्षे तो टपाल वाटतो आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘संगणक चालन’ असे लिहिलेले असणार. खाली माझी सही.

कंपन्यांची बाजूही मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. या धंद्यात ज्येष्ठ अभियंत्याचा तास ग्राहकाला विकलेला असतो. त्याने रोज अर्धा तास पोरापाशी घालवला तर तो अर्धा तास देयकात चढत नाही. शिकवणे म्हणजे ताळेबंदात सरळ तोटा. पण मग सरकारी पैसा कुठे जायला हवा, याचे उत्तर इथेच आहे. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलते. म्हणजे कंपनीला तिकिटे बंद करणारा हात निम्म्या भावात मिळतो, आणि जो तास खरोखर महाग आहे, जो द्यायला कंपनी कचरते, त्या तासाला सरकारकडून छदामही नाही. या योजनेची रचना करताना कोणी क्षणभर त्या कानपूरच्या अभियंत्याच्या खुर्चीत बसून पाहिले असते, तर पैसा तिकडे वळला असता.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना तिथली व्यवस्था ठाऊक असेल. पदवी-उमेदवारी तिथे 2015 मध्ये सुरू झाली आणि तिच्या आरंभीच्या अभ्यासक्रमांत सॉफ्टवेअरचा होता. 2017 पासून मोठ्या मालकांकडून वेतनखर्चाच्या अर्धा टक्का वर्गणी घेऊन तिचा खर्च भागवला जाऊ लागला. मुलाकडून शिक्षणशुल्क घेत नाहीत. 2022 मध्ये पूर्णवेळ उमेदवारासाठी असा दंडक झाला, की नेहमीच्या कामाव्यतिरिक्त, पण पगाराच्या वेळेतच, आठवड्याला किमान सहा तास शिक्षण झाले पाहिजे. तिथेही पळवाटा काढणारे असतीलच. माणसे सगळीकडे माणसेच. परंतु तास हा शब्द नियमात आला, की निदान तो चुकवल्याचे सिद्ध करता येते. आपल्याकडे चुकवण्यासारखे काही लिहिलेलेच नाही.

माझे मागणे फार मोठे नाही, आणि त्याला नवा कायदाही लागणार नाही. करारनाम्यात शिकवणाऱ्याचे नाव व पात्रता असावी. एका माणसाच्या नावावर चारपाचाहून अधिक मुले नसावीत. तो माणूस नोकरी सोडून गेला तर ती घटना संकेतस्थळावर नोंदली जावी आणि महिन्याभरात दुसरे नाव न आल्यास मुलाला त्याचे श्रेयांक घेऊन अन्यत्र जाण्याची मुभा असावी, दुसरी जागा शोधण्याचे काम विद्यापीठाचे. आणि अनुदान विद्यावेतनावर द्यायचे तेवढे द्या, पण त्याचा एक हिस्सा शिकवल्याच्या तासांवर द्या. तासांची साक्ष मुलाने लिहिलेली आणि दोघांनी वाचलेली आज्ञावलीच देईल. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि ती कोणी तपासली, हे या धंद्याची साधने आपोआप नोंदवून ठेवतात. मोजमापवहीपेक्षा ती नोंद कितीतरी विश्वासार्ह आहे. तपासणी अधिकाऱ्याने ती फक्त मागायला हवी.

असो. भाच्याच्या प्रश्नाला मला उत्तर द्यायचे होते. पुढच्या महिन्याची पाने कोरी होती आणि ती आधीसारखीच भरायची का, हे त्याला विचारायचे होते. मी त्याला सांगितले, की जे केलेस तेच लिही, शब्द साधे ठेव, विशेषणे नकोत. त्याने महिनाभर तसे लिहिले. ‘31 तिकिटे बंद केली. शिकवले गेले नाही.’ ‘28 तिकिटे. शिकवले गेले नाही.’ मधे एके दिवशी : ‘दुपारी वीज गेली. अकरा दिवसांतली आज्ञावली पुन्हा वाचली, एक चूक सापडली.’ पर्यवेक्षकाने वही चाळली आणि सही न करता परत दिली. विद्यापीठाने सहीशिवाय श्रेयांक देता येणार नाहीत असे कळवले. बहिणीचा रात्री फोन आला, “दादा, वर्ष वाया जाणार का रे?” मी तिला नियम समजावून सांगू लागलो, आणि ती शांतपणे ऐकून घेत राहिली, जशी माझ्या कचेरीत अर्ज घेऊन आलेली माणसे ऐकून घेत असत.

कलम 11 चा हवाला देऊन त्याने केलेला अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात पाठवला. मसुदा माझा, सही त्याची. पोच क्रमांक आला आहे. आज सोमवार, सकाळी नऊला तो डबा घेऊन विभूती खंडाला गेला.